दोन तारखांमधलं अंतर

[दृश्य : निपाणी. तंबाखूची जुनी वखार, बाहेर उभे ट्रक, मागे महामार्गाचा आवाज.]

तंबाखू विकून आलेल्या माणसाला सगळे विचारतात, दर काय लागला? पैसे कधी हातात पडले, हे फारसं कोणी विचारत नाही. माझं माहितीपटांचं काम या दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे, आणि तो प्रश्न मला सिनेमानं नाही, ऑडिटनं शिकवला.

मी कॉमर्सची. बेळगावात बी.कॉम. केलं आणि एका चार्टर्ड अकाउंटंटच्या हाताखाली लागले. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, रायबाग असं फिरणं असायचं. गावची सोसायटी, पतसंस्था, आणि आता जिथं तिथं पाटी दिसते ती 'सौहार्द', म्हणजे वेगळ्या कायद्याखालची सहकारी संस्था. सोसायट्यांना १९५९चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा, सौहार्दांना १९९७चा. पाटी कानडीत, सभासदाची सही मराठीत, आणि एखाद्या जुन्या पेढीचं दप्तर निघालंच तर ते मोडीत. १९५६पर्यंत हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. आमच्याकडे इतिहास असा रोजकीर्दीच्या पानावरच भेटतो.

[दृश्य : खतावणीचं पान. एका ओळीवरून सरकणारं बोट.]

सोसायटीच्या वहीत एक शेतकरी थकबाकीदार असतो. पीककर्जाची मुदत उलटली, व्याज चढलं, नाव यादीत गेलं. त्याच शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याच्या वखारीत पोचलेला असतो आणि त्याचे पैसे यायचे असतात. म्हणजे व्यापाऱ्याच्या वहीत तो धनको आहे. त्यानं व्यापाऱ्याला उधार दिलंय, तेही बिनव्याजी! एका वहीत त्याच्यावर व्याज चढतंय, दुसऱ्या वहीत त्याचेच पैसे दुसऱ्याचा धंदा चालवतायत. ऑडिटर एका वेळी एकाच संस्थेचं दप्तर तपासतो, त्यामुळे या दोन वह्या एका टेबलावर कधी येत नाहीत. त्या एका पडद्यावर आणता येतील, असं वाटलं तेव्हा मी कॅमेऱ्याकडे वळले.

निपाणी भागात हे सगळ्यांना माहीत होतं. माल आधी वखारीत, पैसे व्यापाऱ्याच्या सवडीनं, हप्त्याहप्त्यानं. वजनात काट, प्रतीत काट. १९८१च्या मार्चमध्ये शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. नेतृत्व शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं, आणि निपाणीतून प्राध्यापक सुभाष जोशींचं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी गेले.

या आंदोलनाबद्दल बोलताना लोक भाषणं आठवतात, गर्दी आठवते. मला शरद जोशींची आधीची वाट महत्त्वाची वाटते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात वाणिज्य शिकलेला माणूस, टपाल खात्यात अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात. ती नोकरी सोडून ते आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले आणि आपल्याच शेताचा जमाखर्च मांडून बसले. शेतमालाच्या उत्पादन खर्चाचा प्रश्न त्यांनी महाराष्ट्रभर नेला. हिशेबाची शिस्त असलेला माणूस रस्त्यावर उतरला तर आंदोलनाचं गणित पक्कं होतं, असं मी मानते. आणि हिशेब रुक्ष असतो असं म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडते.

[दृश्य : वखारीच्या आतला अंधार. झरोक्यातून येणाऱ्या उजेडात तरंगणारी तंबाखूची धूळ.]

पण शेतकरी हा वखारीच्या बाहेरचा माणूस. आत बाया होत्या. त्यांच्यापर्यंत कॅमेरा पोचला तो 'युगांतर'चा. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज काँट्रॅक्टर यांनी १९८०मध्ये हा गट सुरू केला. 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा त्यांचा १९८२चा माहितीपट, जेमतेम पंचवीस मिनिटांचा, निपाणीच्या तंबाखू कामगार बायांबरोबर केलेला. 'बरोबर' हा शब्द मी जपून वापरतेय. त्या बाया संघटना बांधत होत्या आणि आपली गोष्ट कशी सांगायची यात त्यांचा वाटा होता. सीमाभागातल्या मराठी बायांचं बोलणं, त्यांच्याच बोलीत, पडद्यावर आलं. आपल्याकडे सीमाभाग म्हटलं की सीमावादावर नेमलेला महाजन आयोग, मोर्चे आणि पाट्या एवढीच चित्रं येतात. तो प्रश्न माझ्याही घरातला आहे. पण त्याच काळात वखारीत मजुरीसाठी चाललेली झुंज तितकीच इथली आहे, आणि आमच्या मुलांना ती शाळेत कोणी सांगत नाही.

मी काम सुरू केलं तेव्हा अडचण वेगळीच निघाली. पैसे मिळायला झालेला उशीर दाखवायचा कसा? मारहाण दिसते, मोर्चा दिसतो. उशीर दिसत नाही. वहीवर कॅमेरा लावला की बघणारा कंटाळतो. मग मी माणसांना रकमा विचारणं सोडलं. माल घातला त्या दिवसापासून पैसे आले त्या दिवसापर्यंत घरातलं काय काय अडलं, तेवढंच विचारायला लागले. मग उत्तरं येतात. विहिरीवरची मोटर दुरुस्तीवाचून पडून राहिली. पोरीची फी दुसऱ्या कुणाकडून उसनी घेतली. गळ्यातलं सराफाकडे गेलं आणि तिथंही व्याज लागलं. त्यावर कुणी रडत नाही, रागावतही नाही. तारखा मात्र अचूक सांगतात. पंचमीच्या आधी, बेंदराच्या नंतर, धाकटीच्या लग्नाच्या वर्षी.

बिडी वळणाऱ्या बायांच्या घरी आणखी एक गोष्ट कळली. मुलाखतीला बसवलं की तिची मजुरी बुडते. मजुरी हजार बिड्यांवर असते, आणि दिलेल्यातून छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या बिड्या, काढली की हाती येणारं आणखी कमी. म्हणून मी तिचे हात थांबवत नाही. मांडीवर सूप, पानं कापणारी कात्री, दोरा, आणि बोलणं, सगळं एकदमच चालतं. ध्वनिमुद्रण करणारा वैतागतो, प्रत्येक वाक्यामागं कात्रीचा आवाज येतो. मी तो आवाज काढू देत नाही. तिनं माझ्यासाठी वेळ काढलेला नाही, कामातून बोलतेय, एवढं बघणाऱ्याला कळायलाच हवं.

[दृश्य : टेबलावर पावत्या, शेजारी छापलेलं पुस्तक. पानांवर कोष्टकं.]

पुस्तक लिहावं लागलं ते या पावत्यांमुळे. अर्ध्या तासाच्या माहितीपटात आकड्यांची दोन कोष्टकंही मावत नाहीत, आणि आकड्यांशिवाय माझं म्हणणं नुसतं गाऱ्हाणं ठरलं असतं. पडद्यावर बाईचा चेहरा राहिला, पुस्तकात तिच्या घरचा जमाखर्च गेला. मजकूर मराठीत, पण कानडी कागद कानडीतच छापले, खाली अर्थ देऊन. अथणी-रायबागकडच्या कानडी शेतकऱ्याची पावतीही शेजारच्या पानावर आहे. उधारी त्याचीही तितकीच लांबली होती.

आता उसाकडे वळलेय. इथे तर कायदा स्पष्ट आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज.  तरी गावात बसून हे व्याज कुणाकुणाला मिळालं असं विचारलं, की माणसं एकमेकांकडे बघतात. व्याज मागता येतं हेच अनेकांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून पुढच्या माहितीपटात हा आदेश मराठीत आणि कानडीत, दोन्हीकडे, पडद्यावर पूर्ण वाचून दाखवणार आहे. लांबण लागेल, लागू दे.

त्यासाठी कागद हवे आहेत. निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात तुमच्या घरी वखारीच्या जुन्या पावत्या, सोसायटीची पासबुकं, कारखान्याची ऊसबिलं असतील, तर ट्रंक आवरताना रद्दीत घालू नका. मोबाईलवर फोटो काढा. माल घातल्याची तारीख आणि पैसे मिळाल्याची तारीख, दोन्ही वाचता येतील असा.