वाऱ्याच्या दिवसांतली वेतं

[दृश्य : माळ, वारा. मागे पवनचक्क्या.]

आषाढ लागलाय. ढग रोज येतात, सावली टाकतात आणि पुढं निघून जातात. माळावर उरतो तो वारा. सांगली जिल्ह्यातला हा आटपाडी तालुका. पलीकडचा डोंगर उतरला की साताऱ्याचा माण. पाऊस वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही मर्जीनं.

कळपापासून बाजूला उभी राहिलेली ती गाय बघा. सकाळपासून तिनं तोंड खाली घातलेलं नाही. दोनदा बसली, दोनदा उठली. आण्णा लांबूनच म्हणतात, "दिवस मावळायच्या आत व्यायची बघा ही."

आण्णांच्या दावणीला अकरा खिल्लार गाई. त्यातल्या सात यंदा गाभण.

[दृश्य : कडब्याची गंजी, तळाला आलेली.]

गाय तशी बारमाही विते. पण माणदेशात खरा पाऊस तो परतीचा. दसऱ्याच्या सुमाराला माळ हिरवा होतो, ओला चारा पोटात जातो आणि आण्णांच्या गाई माजावर येतात. तिथून नऊ महिने नऊ दिवस मोजले की गाठ पडते आषाढ-श्रावणाशी. म्हणजे वासरू पोटात सगळ्यात झपाट्यानं वाढतं ते नेमकं शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत, आणि गंजीची ही गत होते तीही तेव्हाच. मग पेंड मोजून, कडबा कुट्टी करून, आणि एका गाईच्या पुढ्यातलं दुसरीनं ओढू नये म्हणून कुणीतरी काठी घेऊन उभं.

[दृश्य : गाईची मागची बाजू, जवळून.]

कास भरून आलीय, सडांच्या टोकाला चिकट थेंब. पण आण्णा कासेकडं बघत नाहीत. त्यांचा हात शेपटीच्या मुळाशी जातो. तिथं दोन्ही बाजूंना खळगे पडलेत, बोटं आत जातात. शिरा ढिल्या झाल्या. आता लांबणार नाही.

इथून पुढं आम्ही कॅमेरा बंद केला नाही.

आधी पाण्याची पिशवी आली, फुटली. मग पुढचे दोन पाय, एक जरासा पुढं, एक मागं. खुरांकडं नीट बघा. टोकाला पिवळसर, मऊ, ओल्या रबरासारखं काहीतरी लोंबतंय. खूर टणक असतं तर येताना आईला आतून फाडत आलं असतं. म्हणून हे गवसण. वासरू दोन पावलं चाललं की ते झिजून जातं. पायांवर टेकलेलं नाक, मग कपाळ. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखं वासरू येतं, हात पुढं आणि मुंडकं हातांत.

शेजारचा पोरगा ओढायला धावला. "हात लावू नगंस," आण्णा म्हणाले, "ती करतीया न्हवं."

तिनं केलं. वीस मिनिटांत.

[दृश्य : गाय वासराला चाटते. निवेदन नाही.]

नाकातला चिकटा काढला, नाळ दोन बोटं ठेवून बांधली, खाली कापली, वर टिंक्चर आयोडीन. सूनबाईंनी कालवड असल्याचं सांगितलं आणि ओसरीवरच्या आजींनी सिद्धनाथाला हात जोडले.

यानंतर गोठ्यात वाद. दर वेताला होतो तो. आजींचं म्हणणं, वार, म्हणजे वासरामागून पडणारं पोटातलं आवरण, ते पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही. जुनी समजूत आहे, अजून गावोगाव पाळतात. सूनबाई ऐकत नाहीत, आणि बरोबर करतात. गाईच्या वारेतून रोगाशी लढायची ताकद वासरापर्यंत पोचत नाही, ती सगळी चिकातून, व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून. ती शोषून घेणारी आतड्याची वाट पहिल्या २४ तासांत मिटत जाते. वीस-बावीस किलोच्या वासराला दिवसभरात दोन लिटर चीक गेलाच पाहिजे, पहिला तासाभरात. उलट वासरानं कासेला ढुसण्या दिल्या की वार सुटायला मदतच होते. संध्याकाळी वार पडली, पुरली. गाईपुढं गूळ घातलेली शिजलेली बाजरी आली. खरवस मात्र तिसऱ्या दिवशी झाला, आधी वासराचं.

[दृश्य : रात्र. बॅटरीचा उजेड.]

सगळ्याच अशा वीत नाहीत. ही पहिल्या वेताची. दोन तास झाले, एकच पाय बाहेर. दुसरा आत गुडघ्यात मुडपलेला. डॉक्टर वासरू मागं ढकलतात, खूर मुठीत झाकून पाय पुढं घेतात. कळ आली की थांबायचं, ओसरली की पुन्हा. गाय वाचली. वासरू नाही.

[दृश्य : पहाट, तीच गाय. निवेदन नाही.]

[दृश्य : खिल्लार बैल, शिंगं.]

या गाईमागं एवढं जागायचं कशासाठी, असं शहरातला माणूस विचारतो. दोन्ही वेळचं मिळून दूध तीन-चार लिटर. शेजारच्या गोठ्यात होल्स्टीन त्याच्या चौपट देते. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, ऊस आला, ट्रॅक्टर तर आधीच आला होता. खिल्लार मागं पडला. पण या जातीनं दुष्काळ चावून काढलाय. ठिलारी गवळ्यांनी कळपच्या कळप घेऊन माळ तुडवले, त्यांनी निवडून निवडून घडवलेला हा देह. पाठीमागं वळलेली लांब शिंगं, टणक काळं खूर, कमी चाऱ्यावर निभावणारं पोट. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा खोंडाला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा कायदाही उचलून धरला, आणि मैदानं पुन्हा भरली. आता गाय वितानाच लोक खोंड झाला का ते बघायला येतात. पौषात खरसुंडीच्या बाजारात त्याच्या कासऱ्याला हात लावायला गर्दी.

पळणारा खोंड निवडला जातो. न पळणाऱ्याचं काय होतं, ते या गोठ्यात कुणी बोललं नाही.

मधे २०२२ साली लम्पी आला, दोन गाई गाभडल्या. तेही आण्णांनी एका वाक्यात सांगितलं.

[दृश्य : चार दिवसांची कालवड.]

तिच्या माथ्यावर गंज चढल्यासारखा तांबूस डाग आहे. खिल्लारचं वासरू असंच जन्मतं. दोन-तीन महिन्यांत डाग जाईल, अंग पांढरं होईल. आत्ता वाऱ्यानं तिचे कान उलटे झालेत आणि ती उगाचच पळतेय. एकदा इकडं, एकदा तिकडं, मग आईच्या पोटाखाली.

सातातल्या सहा व्याल्या. सातवी बाभळीखाली एकटी उभी आहे. आण्णांचा हात तिच्या शेपटीच्या मुळाशी.

"अजून न्हाय," ते म्हणतात.