हरणाऱ्या संघाच्या बाजूनं

श्रोतेहो, नमस्कार. बेसबॉलवरच्या विनोदी चित्रपटांत कुणाच्या खिजगणतीतही नसलेला एक संघ हमखास भेटतो. आधी आपण त्याला हसतो आणि बघता बघता त्याच्याच बाजूचे होऊन बसतो. ही किमया पाहावी ती १९८९ च्या 'मेजर लीग'मध्ये.

क्लीव्हलंड शहराच्या संघाच्या मालकिणीला तो मायामीला हलवायचाय. त्यासाठी प्रेक्षक घटायला हवेत, म्हणून ती मुद्दाम मोडीतले खेळाडू गोळा करते. तिकडच्या प्रेक्षकांना हे सहज पटलं. खऱ्या क्लीव्हलंडनं शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम लढत, १९४८ मध्ये जिंकली होती आणि १९८७ च्या हंगामात तब्बल १०१ सामने गमावले होते.

लेखक-दिग्दर्शक डेव्हिड वॉर्डनं प्रत्येकाला एक नेमका दोष दिलाय. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, रिकी वॉन याचा चेंडू भन्नाट, पण कुठे जाईल याचा नेम नाही. त्याच्यापासून होम प्लेट, म्हणजे फलंदाजाजवळची जमिनीवरची पाटी, १८.४४ मीटरवर, आणि तिची रुंदी जेमतेम ४३ सेंटिमीटर. फलंदाजानं बॅट फिरवली नाही आणि चेंडू तेवढ्या पट्ट्यातून योग्य उंचीनं गेला नाही, तर तो 'बॉल'. असे चार झाले की फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट. वॉनचं दुखणं शेवटी डोळ्यांचं निघतं. चष्मा लागतो आणि चेंडू जागेवर पडू लागतात! फलंदाज सेरानो सरळ चेंडू मैदानाबाहेर धाडतो, पण कर्व्हबॉल प्लेटजवळ येताना झपकन खाली उतरतो आणि त्याची बॅट वरूनच जाते. सगळे नुसतेच ढ दाखवले असते, तर दहा मिनिटांत कंटाळा आला असता.

शेवट तर फारच सुंदर. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाशी बरोबरी, दोन बाद, दुसऱ्या बेसवर चपळ विली हेज. फलंदाज जेक टेलर, गुडघे निकामी झालेला कॅचर, म्हणजे एरवी प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा. तो प्रेक्षकांच्या सज्जाकडे बोट दाखवतो, म्हणजे होम रन मारणार, चेंडू थेट तिकडे धाडणार! क्षेत्ररक्षक मागे थांबतात आणि हा करतो बंट. बॅट आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात सोडतो. दोन बाद असताना हा निव्वळ जुगार, कारण टेलर पहिल्या बेसवर तिसरा बाद झाला तर डाव संपेल आणि हेजची धाव धरलीच जाणार नाही. त्या दुखऱ्या गुडघ्यांना २७ मीटर पळावंच लागतं. तिकडे हेज तिसऱ्या बेसवर न थांबता थेट होम प्लेटकडे सुटतो, तिथे पोचला की धाव. इथे होम रन मारला असता, तर टेलरच्या गुडघ्यांना काही अर्थच उरला नसता.

१९७६ चा 'द बॅड न्यूज बेअर्स' मला याहून धीट वाटतो. वॉल्टर मॅथॉनं रंगवलेला प्रशिक्षक ऐन अंतिम सामन्यात बाकावरच्या कच्च्या पोरांना खेळवतो, आणि संघ ७-६ असा हरतो. तरीही पोरांचा जल्लोष खोटा वाटत नाही, कारण खेळायला सगळ्यांना मिळालेलं असतं. मात्र ही पोरं भलतीच तोंडाळ आहेत. घरातल्या लहानग्यांना दाखवण्याआधी एकदा स्वतः पाहून घ्या.