पहिलीच्या पाठीवर सहावी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय खोक्यांबद्दल. रावेर-यावलकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे लगेच केळी आली असतील, पण माझे खोके गाण्यांचे. एकाच पेटीत चार, सहा, दहा, कधी शंभराच्या वर तबकड्या, सोबत एक पुस्तिका, आणि सगळ्यांचा मिळून एकच विषय. एखादा गायक म्हणा, एखादं संगीतनाटक म्हणा, नाहीतर एखाद्या रचनाकाराचं सगळंच्या सगळं काम. दुकानदार त्याला बॉक्स सेट म्हणतात, जुने लोक संच म्हणायचे. आमच्या घरी 'यांची खोकडी' म्हणतात, आणि त्यात कौतुक नसतं.

संच निघाला तो नाइलाजातून. जुनी लाखेची तबकडी, ७८ फेऱ्यांची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. मोठ्या आकाराची असली तर आणखी मिनिटभर. चहाला आधण येईपर्यंत बाजू खलास. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या, तेव्हा एवढ्याशा वेळात राग आटोपून शेवटी इंग्रजीतून आपलं नावही सांगायच्या. आपले बालगंधर्व घ्या. आपले म्हणतो, कारण लहानपणी ते जळगावात गाणं शिकले. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत एकच पद रंगवत बसणारा हा माणूस, पण तबकडीपुढे उभं राहिलं की त्यांनाही साडेतीन मिनिटांत दार बंद.

मग लांबलचक काही ऐकवायचं असेल तर करायचं काय? तुकडे पाडायचे. १९१३ साली आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिककडून बीथोव्हेनची पाचवी सिंफनी वाजवून घेतली, तिला आठ बाजू लागल्या. असे तुकडे हरवू नयेत म्हणून जाड पुठ्ठ्याचं, खिसे असलेलं पुस्तक निघालं, फोटो चिकटवायच्या वहीसारखं. म्हणून त्याला अल्बम म्हणायला लागले. आज मोबाइलवर आपण अल्बम म्हणतो तो हाच. वही गेली, नाव राहिलं.

१९४८ साली एल.पी. आली, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. १९८२ साली सी.डी. आली, तिच्यात चौऱ्याहत्तर मिनिटं मावायची. वाटलं आता खोके संपले. संपले कसले, वाढले! २०१६ साली मोत्सार्टच्या सगळ्या संगीताचा जो संच निघाला, त्यात २०० सी.डी. आहेत. वाग्नरची चार ऑपेरांची 'रिंग' जॉर्ज शोल्टी यांनी १९५८ ते १९६५ अशी सात वर्षं खपून ध्वनिमुद्रित केली, ती १४ सी.डी.त बसते. रात्री भुसावळला गाडीत बसलात तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरेल एवढं ते गाणं आहे. आणि हे फक्त शास्त्रीयवाल्यांचं खूळ नव्हे. बॉब डिलन यांचा पाच एल.पी.चा 'बायोग्राफ' १९८५ साली आला, त्यानंतर लोकप्रिय गायकांचे खोके काढायची चढाओढच लागली.

इथे एक मनातलं बोलून घेतो. २०१७ पासून तो ५००० गाण्यांचा कॅरव्हान नावाचा डबा मिळतो ना, रेडिओसारखा दिसणारा, मुलं वडिलांना वाढदिवसाला देतात. चांगली वस्तू आहे, माझ्याकडेही आहे, मुलीनं दिला. पण पाच हजार गाणी एका डब्यात कोंबली म्हणजे संच होत नाही. लग्नातलं जेवण आणि बुफे यात जो फरक, तोच इथे. पंगतीत वाढायला एक क्रम असतो. मीठ, लिंबू, चटणी, मग पुढचं. हल्ली लोक पहिल्यांदा गुलाबजाम घेतात आणि वर डी.जे.च्या दणक्यात खातात. असो. वरात रात्री दहाला बंद व्हावी असं माझं मत आहे, पण तो आजचा विषय नाही.

विषय आहे क्रम. संचात क्रम महत्त्वाचा. हे मी कसं शिकलो ते सांगतो, आणि ते सांगण्यासाठीच खरं तर आज आलोय.

१९८३ साल. मी भुसावळला नोकरीला नवीन. भुसावळ म्हणजे रेल्वेचं गाव, आणि त्या काळी तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. एकेक कुटुंब परदेशी निघालं की घरातलं सामान रद्दीच्या दुकानात यायचं. असाच एक दिवस जुन्या मासिकांच्या ढिगाखाली मला एक खोका दिसला. निळसर, कापडी पाठीचा, वर एका दाढीवाल्या बाबाचं चित्र. आत तीन एल.पी. हँडल नावाच्या जर्मन माणसाचं 'मसायाह', म्हणजे येशूवरची लांबलचक गायनरचना. १७४१ साली त्यानं हे सगळं अवघ्या चोवीस दिवसांत लिहिलं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की वस्तू भारी आहे. दुकानदारानं खोका तराजूत टाकला आणि चाळीस रुपये सांगितले.

घरी आणला. खोली भाड्याची, वर पत्रे, एक फिएस्टा प्लेअर, आणि गावाहून, अमळनेरकडून, आलेली माझी माय. पुस्तिका उघडली तर आत वाळवी. पुस्तिका नव्हतीच, मातीच होती. म्हणजे काय आहे, कुठून सुरू होतं, सांगणारं कोणी नाही. ठीक आहे म्हटलं, तबकडीवर आकडे असतातच. पहिली काढली. लेबलवर लिहिलंय, बाजू पहिली. छान. उलटली. मागे लिहिलंय, बाजू सहावी.

ऐकताय ना? पहिलीच्या पाठीवर सहावी. दुसरी काढली: पुढे दुसरी, मागे पाचवी. तिसरी काढली: पुढे तिसरी, मागे चौथी.

आता मी बी.कॉम. झालेला माणूस. माझ्या हिशेबानं एका पानाच्या मागे दुसरं पान असतं, सहावं नसतं. मी निष्कर्ष काढला की कारखान्यात लेबलं चुकीची चिकटली. तडक रद्दीवाल्याकडे गेलो. म्हटलं, भाऊ, माल सदोष आहे. त्यानं वर न बघता सांगितलं, "साहेब, वजनावर घेतलं, वजनावर दिलं. वजनात फरक असेल तर बोला."

वजनात फरक नव्हता. मी घरी आलो, बॉलपेन काढला, आणि श्रोतेहो, आजही सांगताना कान तापतात, लेबलांवर दुरुस्ती केली. सहा खोडून दोन. मग दुसऱ्या तबकडीवर दोन खोडून तीन, पाच खोडून चार. तिसऱ्या तबकडीवर तीन खोडून पाच, चार खोडून सहा. निळ्या शाईत, ठसठशीत.

आणि मग नऊ वर्षं, नऊ वर्षं मी ते माझ्या क्रमानं ऐकलं. पहिल्या बाजूला देव येणार येणार म्हणून गातात. तबकडी उलटली की त्या बाजूच्या शेवटी समुदायाचं 'आमेन, आमेन' सुरू. मला वाटायचं, काय हा झपाटा! आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगातच तासभर घेतात. त्यानंतर मधेच 'हालेलुया', आणि सगळ्यात शेवटी हाल, छळ, रडारड. संपायचं ते तसंच, उदास. मी मित्रांना सांगायचो, पाश्चात्त्य संगीताचं हेच वैशिष्ट्य, ते शेवट गोड करत नाहीत. मित्र माना डोलवायचे. मायला मात्र त्यातली तार सप्तकातली बाई पसंत नव्हती. पहिल्या दिवशीच तिनं विचारलं होतं, "हाई बाई काय गाई ऱ्हायनी रे? तिनं पोट दुखस का?"

१९९२ साली एका लग्नात रेल्वेतल्या एका निवृत्त गार्डांची ओळख झाली. सगळे त्यांना नाना म्हणत. तरुणपणी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी रात्री रेकॉर्ड लावायचं काम त्यांच्याकडे असायचं. मी मोठ्या ऐटीत माझ्या सदोष संचाची गोष्ट सांगितली. नाना हसले नाहीत. म्हणाले, "रविवारी जेवायला ये, आणि खोका घेऊन ये."

गेलो. नानांच्या घरी भरीत होतं. हिरव्या वांग्यांचं, काड्यांवर भाजलेलं आणि बडगीत ठेचलेलं. मिक्सरमधून काढलेल्या भरताला मी भरीत म्हणत नाही, तुम्ही काय म्हणता ते तुमचं तुम्ही ठरवा. तर ताटात कळण्याच्या भाकरी आल्या. नानांनी तीन भाकरी बाजूला घेतल्या, बोट ठेच्यात बुडवलं आणि भाकरीवर ठिपके काढायला लागले. पहिल्या भाकरीच्या पापुद्र्यावर एक ठिपका, पाठीवर सहा. दुसरीवर दोन, पाठीवर पाच. तिसरीवर तीन, पाठीवर चार. नानी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे बघ," नाना म्हणाले, "तुझा प्लेअर एकेक तबकडी खातो. आमच्याकडे चेंजर होता. मध्ये उंच दांडा. त्या दांड्यावर तिन्ही तबकड्या एकदम टांगायच्या. सगळ्यात खालची आधी पडणार." असं म्हणून त्यांनी पहिली भाकरी ताटात टाकली. एक ठिपका वर. "ही वाजली. हात आपोआप मागे गेला. वरून दुसरी पडली." दुसरी भाकरी पहिलीवर. दोन ठिपके. "मग तिसरी." तीन ठिपके. "एक, दोन, तीन. तासभर कोणी खुर्चीतून उठला नाही. आता काय करायचं? सगळी चवड उचलायची, आणि एकदम उलटी करायची."

त्यांनी भाकऱ्यांची चवड उचलून उलटी केली. श्रोतेहो, घरात तीन ताटल्या असतील तर करून बघा. जी सगळ्यात वर होती ती आता सगळ्यात खाली. तिची पाठ वर आली, चार ठिपके. दांड्यावरून तीच आधी पडणार. म्हणजे चौथी बाजू. मग दुसरीची पाठ, पाच ठिपके. मग पहिलीची पाठ, सहा. पुन्हा सांगतो, कानानं पटकन ध्यानात येत नाही: जाताना एक, दोन, तीन. चवड उलटली की चार, पाच, सहा. म्हणून पहिलीच्या पाठीवर सहावी. कारखाना शहाणाच होता.

"गाडी टर्मिनसला गेली की काय होतं?" नाना म्हणाले. "परतताना शेवटचा डबा पुढे. तू काय केलंस, प्रत्येक डब्यावरचा नंबर खोडून आपला घातलास." मग माझ्या निळ्या शाईकडे बघून हळूच म्हणाले, "पेन तरी चांगला होता."

त्यानंतर आम्ही बाजू एक ते सहा भरताबरोबर खाऊन टाकल्या.

बघा, बोलता बोलता वेळ निघून गेला. खोके घेताना काय बघायचं ते पटापट सांगतो. खोक्याच्या पाठीवर तबकड्यांची संख्या आणि क्रमांक असतो. आत तेवढ्याच आहेत ना, आणि त्याच क्रमांकाच्या आहेत ना, ते दुकानातच मोजा. चार पेट्यांतल्या उरलेल्या तबकड्या एका पेटीत घालून विकणारे खूप. बाजूंचे आकडे एक आणि सहा असे दिसले तर घाबरू नका, आता तुम्हाला माहीत आहे. पुस्तिका असेल तर दोन पैसे जास्त द्या. लाखेची तबकडी पडली की फुटते, एल.पी. फुटत नाही पण वाकते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, पत्र्याच्या खोलीत ती कशी वाकते ते मी डोळ्यांनी पाहिलंय, सुई होडीसारखी वरखाली होते. म्हणून माळ्यावर ठेवू नका. आणि खोका उभा ठेवा, पुस्तकासारखा. आडवे ठेवून एकावर एक रचू नका. उभा. हे दोनदा सांगितलं कारण लोक ऐकत नाहीत. आणि लेबलावर पेन चालवू नका. का, ते सांगायला नको.

आता त्या रविवारचं उरलेलं सांगतो. नानांकडून मी संध्याकाळी परत आलो तो उत्साहातच. म्हटलं, आज पहिल्यांदा खऱ्या क्रमानं. पहिली बाजू लावली. संपल्यावर तबकडी उलटली नाही, खाली उतरवली आणि दुसरी लावली. मग तिसरी. माय आत स्वयंपाक करत होती. मी इतका रंगलो होतो की काही वास येतोय हेही मला कळलं नाही.

मायला गाण्यातलं काही आवडत नव्हतं, पण तिनं त्या खोक्याचा एक उपयोग शोधून काढला होता, आणि मला पत्ता नव्हता. नऊ वर्षं, दर रविवारी, मी पहिली बाजू लावली की ती तुरीच्या डाळीचं पातेलं चुलीवर चढवायची. तबकडी उलटली, आणि लोक सगळे मिळून 'आमेन, आमेन' करायला लागले, की पातेलं उतरवायची. वरण बरोब्बर शिजलेलं असायचं, एकदाही चुकलं नव्हतं.

तिसरी बाजू अर्ध्यावर आली तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर आली. खोलीभर करपलेल्या डाळीचा धूर. प्लेअरकडे बघून तिनं विचारलं, "तुना आमीन कोठे गया रे भाऊ?"