मोरचुदाच्या पिंपातून बोर्डोकडे

(दृश्य: पहाट. प्लास्टिकचं पिंप, त्यात निळं पाणी. एक हात चुन्याची निवळी हळूहळू ओततो.)

जालना तालुक्यातलं कडवंची. ऑक्टोबरची सकाळ आहे. द्राक्षाच्या बागेत छाटणी उरकली आहे आणि काका फवारणीची तयारी करताहेत. शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), साधारण तेवढाच चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे. मिश्रण झालं की काका लोखंडी विळा त्यात बुडवतात, बाहेर काढून उजेडात धरतात. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. पातं स्वच्छ आहे. पंप सुरू होतो.

या औषधाला इथलं प्रत्येक पोर ‘बोर्डो’ म्हणतं. ‘बोर्डो मारला का?’ हा प्रश्न द्राक्षाच्या गावात ‘जेवलास का?’ इतका रोजचा आहे. पण बोर्डो हे एका शहराचं नाव आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक समुद्राजवळ, गारोन नदीच्या काठी ते वसलेलं आहे. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या वाईनच्या प्रदेशांपैकी हा एक. आपल्या बागेतून त्या बागेकडे जायचं तर या पिंपापासूनच निघायला हवं.

(दृश्य: द्राक्षाच्या पानाची मागची बाजू, पांढरी बुरशी.)

हा डाऊनी. कुणी केवडा म्हणतं. हा रोग मूळचा अमेरिकेचा. 1878 च्या सुमाराला तो फ्रान्समध्ये पोचला आणि बागा पानगळीने उघड्या पडू लागल्या. बोर्डोजवळच्या मेदोक भागात शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. कारण अगदी साधं होतं: येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत. निळसर डाग पडलेला घड कोण तोंडात घालणार? 1882 मध्ये मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्या रस्त्याने गेले. बाग आतून रोगाने झडलेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. तिथे ते थांबले. पुढे प्रयोग करून 1885 मध्ये त्यांनी हे मिश्रण जगासमोर मांडलं. राखणीसाठी शिंपडलेलं पाणी औषध ठरलं आणि आज ते कडवंचीच्या बागेत उडतंय.

त्याच्या आधीचं संकट याहून मोठं होतं. फायलोक्सेरा नावाची बारीक कीड, तीही अमेरिकेतून आलेली, मुळं खाऊन वेल मारत होती. उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तिथल्या रानटी वेलीची मुळं घ्यायची आणि तिच्यावर आपल्या जातीचं कलम करायचं. आपल्याकडे ‘डॉगरीज’ नावाच्या वेलीच्या खुंटावर कलम करतात. कारण वेगळं आहे. इथे शत्रू कीड नव्हे, तर खारवट पाणी आणि दुष्काळ. पण खुंटाची आणि कलमाची युक्ती तीच.

आता तिकडची द्राक्षं पाहू.

बोर्डोत गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळून जिरोंदची खाडी होते. डाव्या काठावर गोट्यांची, खडेरी जमीन. पाणी झटकन निथळतं आणि दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात. उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यॉं या काळ्या द्राक्षाच्या जातीला ही ऊब लागते, म्हणून ती तिथली राणी. उजव्या काठावर चिकणमाती जास्त, ओलावा धरणारी आणि थंड. तिथे मर्लो, लवकर पिकणारी, मऊ चवीची. माती ओळखून जात लावायची ही समज आपल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. काळ्या रानात काय आणि मुरमाड रानात काय, हे त्याला पायाखालीच कळतं.

काबर्ने सोव्हिन्यॉंचे आईबाप कोण, हे 1990 च्या दशकात डीएनए तपासून समजलं: काबर्ने फ्रांक आणि सोव्हिन्यॉं ब्लाँ. एक काळं, एक पांढरं. कुणी मुद्दाम संकर केलेला नव्हता, बागेत आपसूक झाला होता.

(दृश्य: दोन घड शेजारी. एक लांब, टपोऱ्या मण्यांचा. दुसरा लहान, गच्च.)

इथे जरा थांबू, कारण खरा फरक इथेच आहे. आपला घड खायचा असतो. सोनाका, माणिक चमन, थॉमसन: मणी मोठा, साल पातळ, बी नाही. त्यासाठी विरळणी करायची, जीएमध्ये, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकात, घड बुडवायचे. वाईनच्या द्राक्षाला हे सगळं उलटं हवं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. लाल वाईनचा रंग सालीतून येतो, तोंडाला येणारा तुरटपणा साल आणि बियांतून. रस बहुतेक पांढराच असतो. म्हणून लाल वाईनसाठी रस सालीसकट आंबवतात, पांढरीसाठी साल आधीच बाजूला काढतात. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. जे घड आपला व्यापारी बघताक्षणी नाकारेल, तेच तिथे मोलाचे.

बोर्डोच्या दक्षिणेला सोतेर्न आहे. सिरों नावाची गार पाण्याची छोटी नदी तिथे गारोनला मिळते, म्हणून शरद ऋतूत सकाळी धुकं दाटतं आणि दुपारी ऊन पडतं. त्या धुक्यात द्राक्षावर एक बुरशी येते, मणी सुरकुततो, साखर दाटते. शेतकरी या बुरशीची वाट बघतात आणि बागेतून पुन्हा पुन्हा फिरून तेवढेच मणी वेचतात. हे ऐकल्यावर काका बराच वेळ गप्प बसले. बुरशीची वाट बघणारा शेतकरी त्यांच्या कल्पनेत मावेना. गळ्यात तुळशीची माळ आहे, वाईन त्यांनी कधी चाखली नाही, चाखणारही नाहीत. पण द्राक्ष त्यांना कळतं, म्हणून ही गोष्ट त्यांच्या मनाला भिडली.

द्राक्ष मराठवाड्याला नवं नाही. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादच्या द्राक्ष-डाळिंबांबद्दल लिहिलं आहे की ती वर्षातून दोनदा फळतात. त्यामागचं कारण आपल्या हवेत आहे. बोर्डोत हिवाळ्यात वेल झोपते, एकदाच छाटली जाते. इथे तिला झोप नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, काडी तयार करतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ घेतो.

पाण्याचाही फरक मोठा. तिकडे पाऊस वर्षभर विखुरलेला. नावाजलेल्या बागांना तर पाणी द्यायला सहसा मनाईच असते. इथे चार महिन्यांत येईल तो पाऊस, तोही आला तर. कडवंचीने नव्वदच्या दशकात पाणलोटाची कामं केली, बांध घातले, पुढे शेततळी खोदली, तेव्हा कुठे ही बाग उभी राहिली. आणि लहरी हवामानाचं भय दोघांनाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला आलेल्या बागा मराठवाड्यात गारपिटीने झोपल्या. 2017 च्या एप्रिलमध्ये बोर्डोत कडाक्याच्या थंडीने कोवळे कोंब एका रात्रीत जळाले.

(दृश्य: पंपाचा आवाज. उघड्या काड्यांवर निळसर तुषार.)

बोर्डोत सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे तोडणीचे दिवस. इकडे छाटलेल्या काड्यांवर डोळे अजून फुगायचे आहेत. काका एक ओळ संपवतात, पंप थांबवतात, काडीवरचा थेंब बोटाने टिपून बघतात आणि पुढच्या ओळीत शिरतात.