बाळंतिणीच्या खोलीतलं भूत आणि डोंगरावरची नागीण

नमस्कार मंडळी! आधी हा चेहरा नीट बघा.

(स्क्रीनवर: पाझुझूची कांस्यमूर्ती)

कुत्र्यासारखा जबडा, बटबटीत डोळे, चार पंख, पायाला शिकारी पक्ष्याच्या नख्या, मागे विंचवाची नांगी. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात ही मूर्ती आहे, उंची वीतभरही नाही. तिच्यावर कोरलंय की मी पाझुझू, हनबीचा मुलगा, वाऱ्यावरच्या दुष्ट भुतांचा राजा.

असलं ध्यान घरात कोण ठेवेल? असिरियन माणसं, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन राज्यातली, ठेवायची. तेही बाळ-बाळंतिणीच्या राखणीला!

कारण त्यांना खरी भीती होती लमाश्तूची. ही आकाशदेव अनूची मुलगी, स्वर्गातून हाकललेली. गुपचूप घरात शिरायची, गरोदर बाईच्या पोटाला सात वेळा हात लावायची, दाईच्या हातातून मूल ओढून न्यायची. रात्री धडधाकट असलेलं तान्हं सकाळी का गेलं, याला त्या आयांकडे हेच उत्तर होतं. मला हे वाचताना दरवेळी गलबलून येतं.

तिला घालवायचं कसं? लुव्रमध्येच एक कांस्यपट्टी आहे, त्यावर सगळा प्रसंग कोरलाय. मध्ये खाटेवर आजारी माणूस, शेजारी माशाची कातडी पांघरलेले दोघं. खाली लमाश्तू. दोन्ही हातांत साप, छातीला डुकराचं आणि कुत्र्याचं पिल्लू. गाढवावर आहे आणि ते गाढव होडीत. म्हणजे तिची रवानगी चाललीय! मंत्रविधीत तिचा मातीचा पुतळा करून तिला वाटेची शिदोरी द्यायचे. कंगवा द्यायचे, सूत कातायला चाती द्यायचे. बाई, हे घे, पण डोंगर-नद्या ओलांडून लांब जा. आपण ज्याला उतारा म्हणतो, त्याच जातीचा प्रकार.

आणि पट्टीच्या वरच्या कडेवरून डोकावतोय कोण? आपला पाझुझू. पट्टी उलटी केली की त्याची पाठ आणि पंख दिसतात. स्वतः भूतच, पण भुतांचा राजा, म्हणून लमाश्तूला दामटायला त्यालाच उभं करायचं. त्याच्या मुंडक्याचे त्या काळातले ताईत भरपूर सापडतात. हॉलिवूडनं त्याला निव्वळ सैतान करून टाकलं, हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

राखणदार आणखीही होते. असिरियन राजधानी निनेवेला, राजा असुरबनिपालच्या राजवाड्यात पुरलेले 5 मातीचे कुत्रे सापडले, इसवी सनपूर्व 7व्या शतकातले. प्रत्येकाच्या अंगावर नाव. एकाचं नाव आहे, ‘विचार करू नको, चाव!’

आता इजिप्त. इथं बाळंतिणीचं बघायला बुटका, जीभ काढलेला देव बेस आणि पाणघोडीच्या रूपातली देवी तावेरेत. अखेनातेन राजानं एका सूर्यबिंबाची, आतेनची, पूजा चालवली, तरी त्याच्याच राजधानीत, अमार्नाला, घराघरांत या दोघांचे ताईत निघाले. राजाचा देव राजापाशी, घरातले घरात.

पण मला आज थांबायचंय ते मेरेतसेगेरपाशी. नावाचा अर्थ ‘जिला शांतता आवडते ती’. लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर अल-कुर्न नावाचा पिरॅमिडसारखा डोंगर आहे. पायथ्याला राजांच्या दरीतली थडगी. ती खोदणारे, रंगवणारे कारागीर जवळच देइर अल-मदिनाला राहायचे. त्यांच्यासाठी तो डोंगर म्हणजेच देवी, नागिणीच्या रूपातली. पुढे राजांनी तिथं थडगी खोदणं थांबवलं, गाव उठलं आणि तिची पूजाही मागे पडली.

त्या गावातल्या नेफेराबू नावाच्या कारागिराचा एक शिलालेख तुरिनच्या संग्रहालयात आहे, इसवी सनपूर्व 13व्या शतकातला. तो लिहितो की मी अडाणी होतो, बरं-वाईट मला कळत नव्हतं. शिखराचा, म्हणजे मेरेतसेगेरचा, अपराध केला आणि तिनं मला धडा शिकवला. काय अपराध, ते सांगत नाही. पण यातना सांगतो. म्हणतो, विटांवर बसलेल्या बाळंत होणाऱ्या बाईसारखा मी कळा सोसत होतो (इजिप्तमध्ये बायका विटांवर बसून बाळंत होत), वाऱ्याला हाक मारली, वारा आला नाही. सांभाळा, शिखरात सिंह आहे.

मग त्यानं तिलाच हाक मारली. आणि तो लिहितो, ती आली, गोड वाऱ्याची झुळूक होऊन.