स्तनाच्या कॅन्सरच्या चौथ्या स्टेजला ऑपरेशन करायचं का?

परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर सकाळी बघा, फाईलची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बायका दिसतात, कोणी सोलापूरहून आलेली, कोणी थेट बिहारहून, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, आणि सोबतच्या माणसाचा एकच प्रश्न, डॉक्टर, ऑपरेशन कधी करणार?

बरोबरच आहे ना, गाठ हाताला लागतेय, मग काढून टाका की. पण कॅन्सर हाडात, लिव्हरमध्ये, फुफ्फुसात पोचलाय, म्हणजे चौथी स्टेज, तेव्हा छातीतली गाठ काढून आयुष्य वाढतं का? जुन्या रेकॉर्डवरून वाटायचं वाढतं, पण ऑपरेशन व्हायचं ते मुळात ज्यांची तब्येत बरी त्यांचंच, मग त्या जास्त जगणारच.

म्हणून २००५ साली टाटामध्येच डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने नीट तपासायला घेतलं. ३५० बायका, बहुतेकींना आधी केमो, गाठ केमोला दाद देतेय असं दिसलं की चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकीकडे ऑपरेशन आणि रेडिएशन, दुसरीकडे दोन्ही नाही. निकाल छापून आला २०१५ मध्ये. पहिल्या गटातल्या निम्म्या बायका १९.२ महिन्यांपेक्षा जास्त जगल्या, दुसऱ्या गटातल्या निम्म्या २०.५ महिन्यांपेक्षा जास्त, म्हणजे फरक नाहीच. छातीतला आजार मात्र ऑपरेशनवाल्यांचा जास्त आटोक्यात राहिला. पुढे अमेरिकेतल्या अभ्यासातही आयुष्य वाढलं नाही, तुर्कस्तानात फायदा दिसला खरा पण तिथे दोन्ही गट सारखे नव्हते.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण "ऑपरेशन नको" ऐकलं की घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी हात टेकले, आणि मग जमीन विकून दुसरीकडे कापाकापी करून घेतात. तसं नसतं हो, औषधं चालूच असतात.

आणि एक, हे सगळं चौथ्या स्टेजचं आहे. गाठ मोठी आहे, काखेत गेलीय पण पुढे पसरलेली नाही, तर सहसा केमो, ऑपरेशन, रेडिएशन तिन्ही लागतं, तिथे ऑपरेशन टाळायचं नाही.

पसरलेल्या आजारातही शेक, म्हणजे रेडिएशन, कामाला येतातच. जखम चिघळली, रक्त थांबेना, तर थोडे शेक देऊन आराम पडू शकतो, आणि हाडं दुखत असतील तर बऱ्याचदा ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) एकच शेक पुरतो, तेव्हा गावाहून आलेल्यांनी आधीच विचारून घ्या, एका दिवसात होईल का म्हणून.