भिंतीवरचा लोणा, कपाटाखालची भुकटी

जुलै महिना. मुंबईच्या हवेतली आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वरच असते. खिडक्या लावलेल्या, ओले कपडे घरातच दोरीवर. गिरगावातली जुनी खोली असो की कांदिवलीतला नवा फ्लॅट, घरात ओलीच्या आणि किडीच्या खुणा उमटू लागतात त्या याच दिवसांत. खूण ओळखण्यात चूक झाली, की औषध भलत्याच रोगावर पडतं.

ही भिंत पाहा. रंगाचे पोपडे सुटलेत आणि खाली पांढरं काहीतरी फुललंय. त्यावर पाणी शिंपडा. विरघळलं, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर विटा-सिमेंटमधून बाहेर आलेला क्षार. बुरशी विरघळत नाही. ती बहुधा काळपट किंवा हिरवट असते आणि तिला कुबट वास येतो.

ओल येते कुठून? भिंत कोरड्या फडक्याने पुसा. साधारण 30 सेंटिमीटरचा चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस थांबा. थेंब कागदाच्या आत, भिंतीकडून जमले, तर पाणी भिंतीतून येतंय. मग वरच्या मजल्याची मोरी, तिथला नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं, पाणी साठून राहणारं भांडं), ड्रेनेजचा पाइप, बाहेरच्या प्लास्टरमधल्या भेगा तपासाव्या लागतात. थेंब खोलीकडच्या बाजूला असले, तर हवेतलं बाष्प गार भिंतीवर साकळतंय. त्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, एक्झॉस्ट फॅन चालवा, कपडे गॅलरीत टाका. पाण्याची वाट बंद न करता पुट्टी आणि रंग चढवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मागून ओल येत राहते आणि नवा थरही फुगून सुटतो.

बुरशी कोरड्या ब्रशने कधीही घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. मास्क आणि हातमोजे घाला, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, जागा पूर्ण वाळू द्या. ब्लीच वापरत असाल, तर संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

आता लाकूड. कपाटाखाली पडलेली भुकटी चिमटीत घ्या. पिठासारखी मऊ असेल आणि वर 1 ते 3 मिलिमीटरची गोल भोकं दिसत असतील, तर आत भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. खसखशीएवढे कडक, सहा कडांचे दाणे असतील, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. दाणे म्हणजे तिची विष्ठा. जमिनीतून येणारी वाळवी असे दाणे टाकत नाही. ती भिंतीवर, चौकटीवर मातीच्या नळ्या बांधते आणि पाइपच्या डक्टमधून वरच्या मजल्यांवरही पोहोचते.

नळी दिसली की झाडून टाकायचा मोह होतो. तसं करू नका, तिच्यावरूनच वाट कळते. बोटभर भाग फोडून ठेवा. काही दिवसांत पुन्हा लिंपलेला दिसला, तर वाळवी नक्की चालू आहे. लिंपला नाही, तरी ती दुसरीकडून ये-जा करत असू शकते. कपाटावर स्प्रे मारून फक्त समोरची वाळवी मरते, वारूळ जमिनीत शाबूत राहतं. म्हणून तळमजल्यावर भिंत आणि लादीच्या सांध्यालगत सुमारे 30 सेंटिमीटर अंतराने 12 मिलिमीटरची छिद्रं पाडून जमिनीत औषध सोडतात आणि छिद्रं बुजवतात. काम करणारा माणूस नुसता पंप घेऊन आला आणि ड्रिल आणलंच नसेल, तर आधी त्याचा जाब विचारा.

पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती किडे जमतात. चारही पंख सारख्या लांबीचे असतील, तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक असेल, तर मुंगी.

स्वयंपाकघरातलं लहान, पाठीवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ ओट्याच्या फटीत आणि फ्रिजच्या मोटरपाशी राहतं. मोठं तांबूस झुरळ गटारातून येतं. लहान्यासाठी झुरळं मारायच्या जेलचे बारीक ठिपके लावा, पण त्याच जागी स्प्रे मारू नका. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत. मोठ्यासाठी मोरीच्या जाळीखालचा ट्रॅप पाण्याने भरलेला आहे ना, ते पाहा.